वकट, लेंड आणि कन्नडचा गृहपाठ

विटीदांडू खेळताना आपले आजोबा-पणजोबा 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजत. हे आकडे कुठले, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. तेलुगूत एक, दोन, तीन म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु. चारला तमिळमध्ये नालु आणि कन्नडमध्ये नाल्कु म्हणतात. म्हणजे दक्षिणेचे आकडे मराठी पोरांना खेळता खेळताच पाठ झाले. छडी नाही की वही नाही, आपला डाव जाऊ नये एवढीच काळजी!

म्हैसूरजवळ हिनकलसारख्या वस्तीत बदलीने गेलेल्या मराठी घरात नेमके हेच विसरले जाते. 'आधी दहा शब्द पाठ कर, मग बाहेर जा,' असे आई बजावते. गल्लीत मुलांचा खेळ रंगलेला असतो. शब्द येत नाहीत म्हणून मूल गॅलरीतून बघत राहते, आणि खेळायला जात नाही म्हणून शब्द येत नाहीत.

हिनकलजवळच मानसगंगोत्रीत १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. तिचे पुण्यातले केंद्र परप्रांतीय शिक्षकांना मराठी शिकवत आले आहे. पण तो अभ्यासक्रम दहा महिन्यांचा आणि मोठ्यांसाठी. सात वर्षांच्या मुलाला आज संध्याकाळचा डाव हवा असतो.

त्यासाठी म्हैसूरकडचा चौकाबारा उत्तम. पंचवीस घरांचा पट खडूने आखावा, कवड्या टाकाव्यात आणि सोंगटी सरकवताना घरे कन्नडमध्ये मोजावीत: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. जो चुकेल त्याचा डाव गेला. आईनेही अधूनमधून चुकावे. त्यासाठी मुद्दाम नाटक करावे लागणार नाही!

मग दुकान-दुकान. उप्पु म्हणजे मीठ, अक्की म्हणजे तांदूळ, बेल्ल म्हणजे गूळ. तुप्प म्हणजे काय, हे सांगायलाच नको. मात्र 'तायी' ऐकून फसू नये, कन्नडमध्ये ती आई! नुसत्या नावांवर माल देऊ नये. 'अक्की कोडु', म्हणजे तांदूळ दे, असे पुरते मागायला लावावे. मोठ्यांकडे मागताना 'कोडी', म्हणजे द्या. नाहीतर सवंगड्यांकडून 'कोडु' उचललेले मूल म्हाताऱ्या दुकानदारालाही 'दे' म्हणते आणि ओशाळते ती आई.

आठवडाभर असे खेळून झाले की कवड्या मुलाच्या हाती देऊन त्याला शेजारच्या ओट्यावर पाठवावे. तिथे आकडे चुकतील, पोरे हसतील. आईने मागोमाग जाऊ नये.