फुकटची प्रणाली आणि कचेरीतला कारकून

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या संगणकप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. पुढची आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर चालतच नाही. शिरूर-दौंडसारख्या तालुक्याच्या गावी संगणक मोडेपर्यंत वापरावयाचा असतो. तेथे धडधाकट यंत्रे केवळ प्रणालीपायी भंगारात काढणे ही सार्वजनिक पैशाची उधळपट्टीच होय.

वस्तुतः यावर तोड आहे. केंद्र सरकारच्या 'सी-डॅक' या संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. डेबियन या मुक्त लिनक्सवर ती उभारलेली आहे, तिला परवान्याचे मूल्य नाही, मराठी तिला येते. आणि सी-डॅकचे मुख्यालय तर पुण्यातच आहे! मग कचेऱ्यांतून ती सर्रास का दिसत नाही?

मुक्त प्रणालीचे पुरस्कर्ते ती फुकट आहे एवढे सांगून थांबतात, हे आमच्या मते याचे एक मोठे कारण आहे. कारकुनाला परवान्याचे पैसे पदरचे भरावयाचे नसतात. त्याच्यापुढे दाखल्यासाठी खेड्यावरून आलेला माणूस ताटकळत असतो. त्याची बोटे टंकलेखन यंत्राच्या कळपटावर बसलेली, नवी प्रणाली मात्र इन्स्क्रिप्टचा कळपट पुढे करते. युनिकोडपूर्व टंकात लिहिलेला जुना कागद उघडावा, तर तो टंक नसलेल्या यंत्रावर अक्षरांऐवजी चिन्हांची रांगोळी उमटते. छपाईयंत्र जुळत नाही, डिजिटल सहीची चावी ओळखली जात नाही. यांपैकी एक गोष्ट अडली तरी तो दुपारपर्यंत विंडोजकडे परतणार, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल.

केरळने शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती बांधली आणि शिक्षकांना शिकविलेही. तेथे ती रुजली. उलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ साली तो फिरविला. तेव्हा नुसत्या ठरावावर विसंबण्यात अर्थ नाही.

राज्य सरकारने आणि सी-डॅकने शिरूर व दौंड येथील एकेक कचेरी निवडावी. तेथील छपाईयंत्रे, जुने टंक, अर्जांचे नमुने आणि टंकलेखनाचा कळपट यांसह प्रणालीची तयार बांधणी करावी, आणि निदान वर्षभर एक जाणता माणूस तालुक्याच्या गावी बसवावा. परवान्यांवर वाचलेल्या पैशातून त्याचा पगार द्यावा.