निवेदन : प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या मानसिक आघातावरील उपचारांबाबत

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय

विषय : वरीलप्रमाणे, तसेच आधीच्या निवेदनांना उत्तर न मिळाल्याबाबत.

महोदय,

आम्ही बौद्धिक दिव्यांग प्रौढ मुलामुलींचे पालक. याच मागण्यांच्या आधीच्या निवेदनांच्या पोचप्रती, आपल्या आवक विभागाच्या शिक्क्यासह, आमच्या फायलीत आहेत. गेल्या ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाच्या मंचावरून ‘महिन्याभरात स्वतंत्र ओपीडी’ जाहीर झाली. टाळ्या झाल्या, ओपीडी झाली नाही.

कायदे आपणांस माहीत आहेत. काय घडते तेवढे सांगतो. आमच्यातल्या एका ३४ वर्षांच्या मुलाचे वडील बाथरूममध्ये कोसळून त्याच्या डोळ्यांदेखत गेले. तेव्हापासून तो बाथरूमचा उंबरा ओलांडत नाही. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला की कान घट्ट दाबून बसतो, रात्री स्वतःचे मनगट चावतो. आई त्याला मनोविकार ओपीडीत घेऊन आली. डॉक्टरांनी प्रमाणपत्र पाहिले, ‘मतिमंद आहे, असंच वागणार’ म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. हे कधीपासून, घरात काय झाले, काही विचारले नाही. त्याच्याशी तर एक शब्दही नाही. आता तो दिवसभर सुस्त असतो. भीती आहे तिथेच. इतकी वर्षे आपली आंघोळ आपण करणाऱ्या माणसाचे अंग आज म्हातारी आई ओल्या फडक्याने पुसते.

अत्याचार झालेल्या तरुणींचे हाल याहून वाईट. जबाब झाला की मनाच्या उपचारांचे कोणी नाव काढत नाही. बोलता येत नाही म्हणून समुपदेशन ‘शक्य नाही’. चित्रांनी, खुणांनी बोलते करता येते, हे विशेष शिक्षक रोज करतात. १८ वर्षांपर्यंत शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. पुढे काय?

मुख्य मागणी एकच. आठवड्यातला एक दिवस ठरवून मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एकत्र बसावेत. वागणे अचानक बदलले असेल तर आधी दात, कान, पोट तपासावे, घरातली घटना विचारावी. त्याशिवाय गुंगीचे औषध लिहू नये. केसपेपरसाठी वेगळी रांग आणि बसायला शांत जागा, याही मागण्या जुन्याच.

मानसशास्त्रज्ञाचे पद ‘मंजूर आहे, माणूस मिळत नाही’ असे आपण आधी सांगितले. मागील भेटीत ‘पदच मंजूर नाही’. खरे काय ते लेखी कळवावे.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास आम्ही मुलांसह आपल्या दालनाबाहेर बसू. त्यांच्या औषधपाण्याची सोय तेव्हा तिथेच करावी लागेल.

कळावे.

आपले,
बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे पालक

प्रत माहितीस्तव : मा. दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे