अंगठ्यात रुतलेले नख : दुखणे लहान, हयगय महाग



बैल चालता चालता लंगडू लागला तर आपण त्याच दिवशी त्याचा पाय उचलून पाहतो. खुरात खडा अडकला आहे का, काटा मोडला आहे का, पत्रीचा खिळा जिव्हारी लागला आहे का, हे बघितल्याखेरीज त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. स्वतःच्या पायाचा अंगठा ठसठसू लागला की मात्र आपण म्हणतो, "एवढ्याशा नखाचं काय घेऊन बसायचं? होईल चार दिवसांत बरं." त्या चार दिवसांचे पंधरा दिवस होतात, पंधरा दिवसांचा महिना होतो. मग चपलेचा अंगठा सहन होत नाही, रात्री पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो आणि ऐन हंगामात माणूस घरात बसून राहतो.

म्हणून आज रुतलेल्या नखाविषयी बोलू या. पुष्कळ जण याला नखुर्डेच म्हणतात. नाव काहीही असो, दुखणे ओळखता आले पाहिजे.

नख रुतते म्हणजे काय होते?

आपल्या अंगठ्याचे नख दोन्ही बाजूंना मांसाच्या वरंब्यात बसलेले असते. सरीतून पाणी जावे तसे नख त्या खाचेतून पुढे सरकत वाढते. कधी नखाची कड किंवा कोपऱ्यातले टोक सरळ पुढे न जाता बाजूच्या मांसात घुसते. मग ते टोक काट्यासारखे सलत राहते.

सुरुवातीला नखाच्या एका बाजूला लाली, सूज आणि दाबले की दुखणे, एवढेच असते. पुढे कातडी फाटते, आत जंतू शिरतात, ठणका लागतो आणि पू येतो. तरीही दुर्लक्ष केले तर नखाच्या कडेवर लालभडक, ओलसर मांस वाढते. जरासा धक्का लागला की त्यातून भळकन रक्त येते. ते नखाच्या टोकाला झाकून टाकते, त्यामुळे आत काटा आहे हे दिसतही नाही.

मूळ कारण बहुधा आपल्याच हातात असते

सर्वांत मोठे कारण म्हणजे नखे काढण्याची चुकीची रीत. हाताच्या नखांसारखी पायाची नखे गोल काढायची, कोपरे खोल कोरायचे, आणि ब्लेडने किंवा नराणीने शक्य तितके आत जायचे. दिसायला नख नीटनेटके दिसते. परंतु कोपरा कापताना आत एखादा बारीक अणकुचीदार तुकडा राहून जातो. नख वाढू लागले की तोच तुकडा मांसात घुसतो. दुखले म्हणून आपण आणखी खोल कोरतो, आणि पुढच्या खेपेला टोक आणखी आत राहते.

दुसरे कारण म्हणजे ओल. चिखलणी, भाताची लावणी, उसाला पाणी धरणे, गोठ्यातले शेणमूत, या कामांत पाय तासन्तास भिजतो. भिजून कातडी मऊ होते आणि नखाचे टोक तिच्यात सहज शिरते. गमबुटात दिवसभर घामेजलेल्या पायाचेही तेच होते.

तिसरे कारण पायताणाचे. पुढून निमुळते, घट्ट बूट अंगठ्याला दुसऱ्या बोटावर दाबतात. वाढत्या वयाच्या मुलांना हा त्रास पुष्कळ होतो. गेल्या वर्षीचे बूट यंदा शाळेला चालवून घेतलेला मुलगा, किंवा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे घट्ट बुटात धावणारा तरुण, यांनी अंगठ्याकडे लक्ष ठेवावे. याखेरीज अंगठ्यावर दगड पडणे, गायीचा पाय पडणे, ठेच लागणे यामुळे नख वाकडे वाढते. काहींची नखे जन्मतःच कडांना वळलेली असतात आणि हा त्रास घराण्यातच असतो.

पू नसेल तर घरी काय करावे?

नुसती लाली आणि दुखणे असेल, पू झालेला नसेल आणि त्या माणसाला मधुमेह नसेल, तर काही दिवस पुढील उपाय करून पाहावा.

१. पाय साबणाने स्वच्छ धुवा. घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात थोडे मीठ टाका आणि १५ ते २० मिनिटे पाय बुडवून ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा करता आले तर उत्तम. पाणी कढत नको, हाताच्या कोपराला सहज सोसेल इतकेच हवे.

२. पाय बाहेर काढून कोरड्या धडप्याने टिपून घ्या. बोटांच्या बेचक्यांत ओल ठेवू नका.

३. मांस मऊ झालेले असताना बाजूचा वरंबा बोटाने हळूच नखापासून दूर सारा. जमेल तर स्वच्छ कापसाची बारीक वात नखाच्या कडेखाली सरकवा, म्हणजे नखाचे टोक मांसावरून उचलले जाते. ही वात रोज बदलावी. फार दुखत असेल तर जबरदस्ती करू नये.

४. अंगठा मोकळा राहील असे पायताण वापरा आणि शक्यतो चिखलात उतरू नका.

तीन-चार दिवसांत उतार पडला पाहिजे. पडला नाही तर पुढचे घरगुती प्रयोग थांबवून दवाखाना गाठावा.

हे मात्र करू नका

बिब्ब्याचा चटका देणे, चुना भरणे, तंबाखू किंवा विडीची राख दाबणे, शेण लावणे, रॉकेल ओतणे, असे अनेक उपाय गावोगाव सांगितले जातात. बिब्ब्याने आणि चुन्याने कातडी भाजते, म्हणजे एका जखमेच्या दोन जखमा होतात. शेणामातीतून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात. सुईने किंवा ब्लेडने कोपरा उकरणे हे तर मूळ दुखण्याला खतपाणी घालणे होय.

आणखी एक चूक फार होते. औषधाच्या दुकानातून दोन-चार गोळ्या आणून खायच्या. पू कमी होतो, ठणका थांबतो, माणूस खूष होतो आणि कामाला लागतो. आठ-पंधरा दिवसांनी अंगठा पुन्हा सुजतो. असे का होते? पायात काटा तसाच ठेवून वरून मलम लावले तर जखम भरेल का? गोळी जंतू मारते, पण रुतलेले टोक काढत नाही. टोक निघाल्याशिवाय हे दुखणे मुळातून जात नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ खर्च आणि त्रास वाचेल.

यांनी एक दिवसही थांबू नये

मधुमेह असलेल्या माणसाने पायाच्या बाबतीत घरगुती उपाय करूच नयेत. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते आणि रक्ताचा पुरवठाही मंदावतो. अशा माणसाला कढत पाण्याचा चटका कळत नाही आणि पू झाला तरी दुखत नाही. "दुखत नाही, म्हणजे बरं आहे," असे घरातले समजतात, आणि आत जंतू हाडापर्यंत पोचतात. मग अंगठा, कधी अख्खे पाऊल काढण्याची वेळ येते. नखाच्या कोपऱ्यापासून सुरू झालेली गोष्ट तिथवर जाऊ शकते, हे म्हाताऱ्या आई-वडिलांचा सांभाळ करणाऱ्यांनी विसरू नये. कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांना, आणि विडी-तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्या आकसलेल्यांनाही हाच धोका आहे.

इतरांनीही पुढील खुणा दिसताच डॉक्टरांकडे जावे : पू येणे, लाली अंगठ्यावरून पावलाकडे पसरणे, पायावर लाल रेघ चढताना दिसणे, थंडीताप भरणे, जांघेत अवधाण येणे, किंवा जखमेवर लाल मांस वाढणे.

दवाखान्यात काय करतात?

"डॉक्टर नख उपटतात" या धास्तीने कित्येक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. म्हणून ही माहिती नीट वाचा.

डॉक्टर प्रथम अंगठा तपासतात, मधुमेहाची शंका आली तर रक्तातील साखर पाहतात. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे विचारतात. जखम मळलेली असेल आणि मागची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा देतात. जंतू पसरले असतील तर गोळ्या देतात. त्या सांगितले तितके दिवस पुऱ्या घ्याव्यात.

नख खोल रुतले असेल तर छोटी शस्त्रक्रिया करतात. त्यासाठी पूर्ण बेशुद्ध करावे लागत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना भुलीचे इंजेक्शन देतात. ते टोचताना क्षणभर चांगलेच झोंबते, हे खरे. पण काही मिनिटांत अंगठा बधिर होतो. मग नखाची रुतलेली कड, म्हणजे बाजूची एक अरुंद पट्टी, मुळापर्यंत उभी कापून काढतात. बाकीचे नख जागच्या जागी राहते. सारे काम साधारण अर्ध्या तासात आटोपते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

यात एक मुद्दा महत्त्वाचा आहे. नुसती कड काढली आणि तिचे मूळ तसेच राहिले, तर हरळीसारखी ती पुन्हा फुटते आणि पुन्हा रुतू शकते. म्हणून त्या कडेच्या मुळाला फिनॉल नावाचे औषध लावून ते जाळून टाकतात. याच फिनॉलला पूर्वी कार्बोलिक अॅसिड म्हणत. ही रीत १९४५ सालापासून माहीत आहे आणि तिने दुखणे उलटण्याचे प्रमाण बरेच घटते. गोठ्यात शिंपडतो ते फिनाईल म्हणजे हे औषध नव्हे, आणि हे काम घरी करण्याचे मुळीच नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे, "फक्त नख काढणार, की कडेचे मूळही जाळणार?" पूर्ण नख उपटल्यानेही दुखणे कायमचे जाते असे नाही, कारण नवे नख तसेच वाढू शकते. बाई गरोदर असेल, किंवा एखादे औषध सोसत नसेल, तर ते आधीच सांगावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि मलमपट्टी होते. शस्त्रक्रियेची सोय तिथे नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. कुठे जावे हे कळत नसेल तर गावातील आशाताईंना विचारावे.

नंतरची काळजी

पहिले एक-दोन दिवस पाय उशीवर उंच ठेवून पडावे. पट्टी सांगितल्याप्रमाणे बदलावी. फिनॉल लावले असेल तर जखम दोन ते चार आठवडे, कधी थोडी जास्तही, पाझरते. त्याला घाबरू नये. मात्र ठणका वाढला, दुर्गंधी आली किंवा ताप भरला तर लगेच दाखवावे. जखम कोरडी होईपर्यंत चिखलात आणि शेणात उतरू नये.

"मग लावणी कोण करणार?" हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. पण पू झालेला अंगठा घेऊन कसेबसे चार दिवस काम केले, तर पुढे पंधरा दिवस अंथरुणावर काढावे लागतात. त्यापेक्षा आठवडाभर सावडीने काम करून घ्यावे, आपण पुढे फेडावे. घरातल्या बायकांच्या बाबतीत तर हे अधिकच सांगावेसे वाटते. लावणीच्या दिवसांत सून लंगडत लंगडत पाणी भरते, भाकरी थापते, वाफ्यात उतरते आणि "काही नाही, जरा ठेच लागली," म्हणते. सासूबाईंनी आणि नवऱ्याने तिला एकदा तरी पाय दाखवायला सांगावे. तिने आपणहून सांगायची वाट पाहू नये.

पुन्हा होऊ नये म्हणून

पायाची नखे आंघोळीनंतर, मऊ असताना काढावीत. ती सरळ आडवी कापावीत, कोपरे कोरू नयेत. नख बोटाच्या टोकाइतके राहू द्यावे. ब्लेड किंवा नराणी एकमेकांची वापरू नये. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते, तेव्हा एकदा चुकीचे कापलेले नख कितीतरी महिने छळते. शेतातून आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभराच्या कामाने पाऊल किंचित फुगलेले असते. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो.

आज रात्री जेवणे उरकल्यावर घरातल्या सगळ्यांचे पाय दिव्याच्या उजेडात एकदा पाहा. म्हाताऱ्यांचे आधी पाहा, मुलांचे नंतर आणि स्वतःचे शेवटी. एखादा अंगठा लाल दिसला तर आजच कोमट पाणी ठेवा, आणि पू दिसला तर उद्याची पहिली एसटी धरा.