बकऱ्यांच्या गोंगाटात हरवलेली जेन

सुपरहिरोंचे सिनेमे म्हणजे मुलांचं आणि त्यांच्या बाबांचं खातं, आपण फक्त डबा आणि पॉपकॉर्नचं बघायचं, असं बऱ्याच घरांत ठरलेलंच असतं. तरीही आज अशाच एका सिनेमाबद्दल लिहिते आहे. ‘थॉर : लव्ह अँड थंडर’. 7 जुलै 2022 ला तो भारतात लागला, हिंदीतूनही. आमच्या मीरा-भाईंदरच्या पोराटोरांत तेव्हा त्याचीच चर्चा होती. आता तो घरात मोबाईलवर मिळतो, त्यामुळे सुट्टी लागली की मुलं पुन्हा लावतात आणि त्यावरचा वादही पुन्हा रंगतो.

वाद आहे विनोदाचा. थॉर हा उत्तर युरोपातल्या पुराणांतला मेघगर्जनेचा देव, आपल्या इंद्राचा चुलतभाऊच म्हणा ना! 2011 आणि 2013 च्या सिनेमांत तो बराचसा गंभीर होता. 2017 मध्ये दिग्दर्शक टायका वैटिटी यांनी ‘रॅग्नारॉक’मध्ये त्याला चक्क विनोदी करून टाकलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग या चौथ्या भागात त्यांनी हात आणखी सैल सोडला. माणसासारख्या किंचाळणाऱ्या दोन अवाढव्य बकऱ्या काय, रुसणारी कुऱ्हाड काय, आकाशात उडणारं जहाज काय! कुणाला धमाल वाटली, तर कुणी म्हणालं, अति झालं आणि हसू आलं. समीक्षकांतही दोन तट पडले.

पण आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांशी बोलले तेव्हा वेगळंच ऐकायला मिळालं. मुलं बकऱ्यांची नक्कल करत होती आणि त्यांच्या आया जेनबद्दल बोलत होत्या. जेन फॉस्टर ही थॉरची जुनी प्रेयसी, मोठी शास्त्रज्ञ. नताली पोर्टमननं ती भूमिका केली आहे. तिला कर्करोग झालाय, तोही चौथ्या टप्प्यावरचा. केमोथेरपी घेता घेता ती शेजारच्या रुग्णाला पुस्तकाचं पान दुमडून विज्ञान समजावते. मैत्रीण कळवळून म्हणते, अगं विश्रांती घे, लोकांना सांग. ही मात्र हसण्यावारी नेते. पुढे थॉरचा तुटलेला हातोडा तिच्या हाती येतो आणि तीच थॉर होते. पिळदार दंड, लाल झगा, सगळं काही! फक्त एक मेख आहे. हातोडा हातात असेतो ती धडधाकट. खाली ठेवला की आधीपेक्षा खचलेली. त्याची शक्ती वापरण्यात तिच्या शरीराची कर्करोगाशी लढायची ताकदच संपत जाते.

‘‘हे तर आपलंच की,’’ शेजारच्या वहिनी म्हणाल्या. ‘‘पाहुणे आले की आपण टुणटुणीत. ते गेले की पाठ टेकायला जागा शोधतो.’’

मला वाटतं, वादाची खरी गाठ इथे आहे. ‘इतक्या गंभीर आजाराभोवती एवढे विनोद कशाला?’ असं पुष्कळांनी विचारलं. पण आजाराची थट्टा करणं बायकांना काही नवीन नाही. ‘मला काय धाड भरलीय’ किंवा ‘आता वय झालं, कुरकुर चालायचीच’ ही वाक्यं कुठल्या घरात ऐकू येत नाहीत? आपण हसतो म्हणजे धीराच्या असतो असं नाही. घरातल्यांनी घाबरू नये, स्वयंपाकपाण्याचं वेळापत्रक मोडू नये, पैशांचा विषय निघू नये, म्हणून हसतो. जेनचे विनोद मला खोटे वाटले नाहीत. उलट सगळ्या सिनेमात तेवढेच ओळखीचे वाटले.

माझी तक्रार दुसरीच आहे. थॉर तिला इस्पितळातच राहायची विनवणी करतो. ती तरीही उठते, पळवून नेलेल्या मुलांसाठी आणि त्याच्यासाठी लढते आणि त्याच्या कुशीत प्राण सोडते. शेवटी तिचं वीरांच्या स्वर्गात स्वागत होतं. पडद्यावर हे भव्य दिसतं, डोळे पाणावतात. पण उपचार अर्धे टाकून दुसऱ्यांसाठी झिजणाऱ्या बाईला वीरांगना म्हणायची सवय आपल्याला आधीच फार आहे. त्याला आपण ‘त्याग’ म्हणतो, हळदीकुंकवाला त्याचे गोडवे गातो. आपल्यासाठी तो स्वर्ग-बिर्ग काही नसतो. मागे राहतात ती शाळेत जाणारी मुलं.

आणि उशीर काय करतो, हे आपल्याच मुंबईनं मोजलंय. भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हातांनी तपासणी केली. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्यांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. बघा हं, महागडं यंत्र नाही, जादूचा हातोडा तर नाहीच नाही. शिकवून तयार केलेल्या बायकांचे नुसते हात!

आमच्या इथून परळ म्हणजे गर्दीच्या लोकलचा प्रवास. तुमच्या गावाहून तर एसटी, मग रेल्वे आणि कुणाकडे तरी मुक्काम. म्हणून पहिली पायरी जवळचीच धरा. प्राथमिक आरोग्य केंद्रात, सरकारी रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे जा आणि सरळ सांगा, मला तपासून घ्यायचंय. गाठ, स्राव, त्वचेवर खळगा किंवा आकारात फरक जाणवला, तर दिवाळी होऊ दे, मुलीची परीक्षा होऊ दे, असं म्हणू नका. गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते; पण ते ठरवणार डॉक्टर, आपण नव्हे.

सिनेमा जरूर बघा, मुलांबरोबर बकऱ्यांना हसा. आपल्यातली एखादी स्वतःच्या दुखण्यावर विनोद करेल तेव्हाही हसा. फक्त हसून झालं की तिला हळूच बाजूला घ्या आणि विचारा, ‘‘दाखवलंस का गं कुणाला? चल, मी येते बरोबर.’’