तक्रारवही कॉन्ट्रॅक्टरच्या घरी

मेसची तक्रारवही आठवा. पोळी कच्ची, आमटीत डाळ शोधावी लागते, वगैरे थोर साहित्य तिच्यात असतं. आता समजा ही वही मेसमध्ये न ठेवता कॉन्ट्रॅक्टरच्या घरी ठेवली. लिहायला तिथेच जायचं, वाचायलाही तिथेच. आणि एके दिवशी तो म्हणाला, ‘उद्यापासून वही बंद’, तर आपण काय करणार? कप्पाळ!

अनेक वेबसाइटवाल्यांनी वाचकांच्या कॉमेंटचं नेमकं हेच केलं. फेसबुकने २०१० मध्ये लाइकचं बटण बाहेरच्या साइट्सना दिलं आणि मार्च २०११ मध्ये कॉमेंटचा डबा नव्या रूपात आणला. दोन-चार ओळींचा कोड चिकटवा, झालं काम! मग नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाने जाहीर केलं की बाहेरच्या साइट्सवरची ही लाइक आणि कॉमेंटची सोय १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद. यातली गोम अशी, की बंद झाल्यावर एररसुद्धा येत नाही. डब्याच्या जागी ०×० पिक्सेलचा, म्हणजे न दिसणारा तुकडा उरतो. साइट कोसळत नाही, पान छान दिसतं, फक्त खाली जिथे माणसं बोलत होती तिथे काही नसतं. कंपनीच्या मते ही मालकाची सोय. मला विचाराल तर एरर आली असती तर बरं झालं असतं, निदान मालक जागा तरी झाला असता!

‘कॉमेंटच तर गेल्या, त्यात काय एवढं?’ असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. किल्ल्यांची माहिती देणारी एखादी साइट घ्या. लेख एकदा लिहिला जातो. खाली मात्र लोक वर्षानुवर्षं भर घालत राहतात. एप्रिलमध्ये टाक्यात पाणी नसतं, वरच्या वाटेची शिडी मोडलीय, पायथ्याच्या गावातून शेवटची एसटी आता लवकर सुटते. ट्रेकला निघालेल्याला लेखातल्या इतिहासापेक्षा हेच जास्त उपयोगी. आणि हे लिहिणाऱ्याने ते त्या साइटसाठी लिहिलेलं असतं, मेटासाठी नव्हे.

शिवाय हा डबा चालू होता तेव्हाही धड नव्हता. फेसबुक कॉमेंट पानाच्या पत्त्याशी, म्हणजे यूआरएलशी, बांधून ठेवायचं. पत्ता बदलला की पान नवं, पाटी कोरी. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइट्सना ‘असुरक्षित’ म्हणू लागला, म्हणून लोक एचटीटीपीएसवर गेले. पत्त्यात एक अक्षर वाढलं आणि जुन्या कॉमेंट दिसेनाशा! त्या फेसबुककडे होत्या, पण नव्या पानाला त्यांची ओळख नव्हती. मग ओजी-यूआरएलच्या टॅगमध्ये जुनाच पत्ता ठेवण्याची युक्ती करत बसायचं. आपल्याच घराची पाटी बदलायला दुसऱ्याची परवानगी!

बरं, एकट्या फेसबुकला का बोला? गूगल प्लसच्या कॉमेंट ब्लॉगरवर २०१३ मध्ये आल्या आणि २०१९ मध्ये गूगल प्लसबरोबरच पुसल्या गेल्या. डिस्कस २००७ ची, ती २०१७ मध्ये झेटा ग्लोबलने विकत घेतली. फुकट वापरायची तर तुमच्या पानावर त्यांच्या जाहिराती. तरी डिस्कसला एक मार्क द्यायला हवा, सगळ्या कॉमेंट एक्सएमएल फाइलमध्ये बाहेर काढता येतात.

लोकांनी हे डबे आळसापोटी लावले असंही नाही. स्पॅम हा खरोखर छळ आहे. खऱ्या नावाने लिहावं लागलं की शिवीगाळ कमी होईल अशीही आशा होती. टेकक्रंचसारख्या मोठ्या साइटने २०११ मध्ये याच आशेने फेसबुकच्या कॉमेंट घेतल्या आणि २०१३ मध्ये त्या काढून दुसरीकडे गेली. आता कित्येक मालक ‘कटकटच नको’ म्हणून कॉमेंट कायमच्या बंद करतात, ते मात्र मला सगळ्यात वाईट वाटतं. डबा गेला म्हणून जेवणच सोडायचं?

आपली मायबोली बघा. १९९६ पासूनची साइट, आणि तिथले प्रतिसाद हे साइटचाच भाग आहेत, बाहेरून आणून चिकटवलेले नाहीत. वर्डप्रेसमध्येही कॉमेंट तुमच्याच डेटाबेसच्या टेबलमध्ये राहतात. साधी स्टॅटिक साइट असेल तर इसो आहे. पायथॉनमध्ये लिहिलेलं, फुकट, सगळा माल एका एसक्यूलाइट फाइलमध्ये. पेन ड्राइव्हवर कॉपी केली की बॅकअप झाला. सेकंड इयरच्या पोराला एका वीकेंडमध्ये जमेल. स्पॅम साफ करायला मात्र कुणीतरी रोज दहा मिनिटं बसावं लागेल, त्याला इलाज नाही.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण, आपल्या ट्रेक क्लबची नवी साइट होतेय. कमिटीत हेडरच्या रंगावरून दोन तास भांडण होणार हे ठरलेलंच आहे. ते होऊ द्या. पण कॉमेंटसाठी बाहेरचा कोड चिकटवण्याआधी त्यात एक्सपोर्टचं बटण आहे का, तेवढं बघा. इसो बसवून द्यायला मी तयार आहे. सर्व्हरचा पासवर्ड कुठल्या सीनियरबरोबर पासआउट झालाय, ते फक्त कुणीतरी शोधून काढा!