जंतूची ओळख आणि रुग्णाची दृष्टी

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही आज अत्यंत निर्धोक शस्त्रक्रियांपैकी एक होय. तथापि तिच्यानंतर नेत्रगोलात जंतूंचा शिरकाव झाला, तर अल्पावधीतच दृष्टी कायमची जाऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दंतेवाड्याच्या जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांवर असा प्रसंग ओढवला, व त्यांना दूर रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयात हलवावे लागले. अशा वेळी पहिला प्रश्न हा की, जंतू कोणता?

रूढ पद्धतीत डोळ्यातील द्रव पोषक माध्यमावर ठेवून जंतू वाढवितात. जिवाणूंस एकदोन दिवस लागतात, बुरशीस कधी दोन आठवडे. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ३० टक्के रुग्णांच्या नमुन्यांत जंतूंची निश्चित वाढ आढळली नाही.

जनुकीय क्रमवाचनास जंतू वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक जिवाणूत सुमारे १५०० अक्षरांचे एक जनुक असते. त्याचा काही भाग सर्व जिवाणूंत जवळजवळ सारखा, तर काही भाग जातीजातींत निराळा असतो. तो निराळा भाग वाचला की जिवाणूची ओळख पटते. ज्या नमुन्यांत काहीच उगवले नाही, त्यांतूनही अशी ओळख मिळू शकते, हे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधकांनी २०१९ साली दाखविले.

या पद्धतीस मर्यादा आहेत. ती खर्चिक आहे. मृत जंतू अथवा त्वचेवरून आलेला निरुपद्रवी जंतूही तिला दिसतो. कोणते औषध लागू पडेल, हे वाढविलेला जंतूच अधिक खात्रीने सांगतो. शिवाय पहिले औषध डोळ्यात तत्काळ टोचावेच लागते. अहवालाची वाट पाहता येत नाही.

मग तिचा उपयोग काय? एकाच दिवशी अनेकांना संसर्ग झाला असता, सर्वांच्या डोळ्यांतील जंतू एकाच वंशाचा आहे काय, आणि तोच धुण्याच्या द्रवात वा उपकरणांवर आहे काय, हे संपूर्ण जनुकसंचाच्या तुलनेने कळते. दोषाचे मूळ हाती लागले, तरच पुढचे रुग्ण वाचतात. म्हणून रायपूरसारख्या राजधानीत ही चाचणी दूरच्या जिल्ह्यांतील नमुन्यांसाठीही नित्याची व विनामूल्य असावयास हवी. मात्र निर्जंतुकीकरणातील दक्षतेची जागा तिने घेऊ नये.