खालाचा नंबर तोच, पण…

अम्मीला खालाचा लँडलाइन नंबर तोंडपाठ आहे, माझा मोबाइल नंबर नाही. त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने लँडलाइनसाठी नवी क्रमांकरचना सुचवली, तेव्हा मला आधी तिचीच काळजी वाटली. पण नंबर बदलणार नाही. गावातल्या गावात फोन लावतानाही आधी शून्य आणि एसटीडी कोड फिरवावा लागेल, इतकेच.

मला हे पटते. आज नंबरांचे गठ्ठे लहान लहान भागांना बांधलेले आहेत. एका भागात ते पडून राहतात, दुसऱ्या भागात टंचाई. २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आपण शून्य दाबतोच की!

मात्र हे अम्मीला सांगणार कोण? एसएमएस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बिलावरच ठळक छापा, मराठीत आणि उर्दूतही.